उदगीरच्या अप्पांचा विषाणू

विषाणू दिसतो कसा, हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात पंगतीला बसल्यावर विचारला जातो. मी सांगते, इतकी वर्षं नोकरी झाली, एकदाही पाहिलेला नाही. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मग मी खरं सांगते: मला दिसते ती रेघ. संगणकाच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे जमिनीलगत सरपटत जाणारी, आणि मध्येच कुठेतरी मान वर काढणारी. मान काढली म्हणजे विषाणू आहे. नाही काढली म्हणजे नाही, किंवा आमचं काहीतरी चुकलंय. या दोन्हींतला फरक ओळखणं हीच माझी नोकरी.

मी नांदेडला विषाणू तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मुख्य तंत्रज्ञ आहे. लातूरकडचेही पुष्कळ नमुने आमच्याकडे येतात. नाकातून-घशातून फिरवलेला कापसाचा बोळा, म्हणजे स्वॅब, एका नळीत, नळी बर्फाच्या पेटीत आणि पेटी जीपमध्ये किंवा एसटीत. पेटी उघडली की आमचं काम सुरू. बर्फ आहे का, नळी गळली का, नाव जुळतं का, ताप कधी आला ते लिहिलंय का. हे सगळं पाहिल्याशिवाय मी कुणालाही पुढचा हात लावू देत नाही. या कामात हुशारी थोडी कमी असली तरी भागतं, क्रम चुकला की भागत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. लातूरच्या शिकवणीच्या मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका बाईंनी फोन करून सांगितलं होतं की परीक्षा तोंडावर आहे, तेव्हा सगळ्या मुली निगेटिव्हच असू द्या. जणू मी गुण वाढवून देणार होते. शिरूर अनंतपाळचे एक गृहस्थ तर स्वतःच येऊन धडकले. त्यांना 'पॉझिटिव्ह'चा कागद पाहिजे होता, कारण मेहुणीच्या लग्नाला जायचं नव्हतं. मी म्हटलं, बसा, आधी स्वॅब घेऊ. नाकात जाणारी काडी पाहिली आणि लग्न बरं म्हणून निघून गेले.

पण आज सांगायचंय ते उदगीरच्या अप्पांविषयी. त्यांच्यासाठी आधी थोडं विषाणूविषयी सांगावं लागेल. अवघड नाही.

इन्फ्लुएंझाच्या विषाणूला आयुष्यात एकच काम असतं, स्वतःच्या नकला काढणं. आपल्या घशातल्या पेशीत शिरतो, पेशीलाच कामाला लावतो आणि हजारांनी नकला काढून घेतो. ही नक्कल कशी असते, तर पूर्वी घाईत हाताने उतरवून दिलेला सातबारा असायचा तशी. पुन्हा ताडून पाहायची पद्धतच नाही. त्यामुळे प्रत्येक नकलेत कुठे ना कुठे चूक. बहुतेक चुकांनी कागद निकामी होतो, म्हणजे तो विषाणू पुढे वाढतच नाही. काही चुकांनी काहीच बिघडत नाही. पण क्वचित एखादी चूक अशी होते की शेजाऱ्याचा बांध आपल्याकडे येतो. फायद्याची चूक. तसा विषाणू मग बाकीच्यांना मागे टाकून वाढतो. उत्परिवर्तन हा मोठा शब्द आहे, आम्ही प्रयोगशाळेत नुसतं 'बदल' म्हणतो.

दुसरी गोष्ट कात्रीची. पेशीतून बाहेर पडलेले नवे विषाणू पेशीलाच चिकटून बसतात, लुगड्याला कुसळं चिकटावीत तसे. तिथून सुटल्याशिवाय पुढच्या पेशीत जाता येत नाही. त्यासाठी विषाणूच्या अंगावर कात्री असते, ती चिकटलेला धागा कापते. फ्लूवर आपण ज्या कॅप्सूल देतो, त्यातलं औषध या कात्रीच्या पात्यांत जाऊन अडकतं. कात्री बंद, विषाणू जागच्या जागी. इतकी सोपी युक्ती आहे.

आता नकला काढताना कात्रीच्या कागदातच चूक झाली तर? एका ठरावीक जागी एक बदल झाला की पातं जरासं वाकतं आणि औषध त्यात बसेनासं होतं. मात्र वाकलेलं पातं बोथटही होतं. म्हणून असा विषाणू सहसा हळू वाढतो. औषध चालू असेल तिथे तो जिंकतो, औषध नसेल तिथे आपल्याच धारदार भावाकडून हरतो. पुस्तकात इथवर लिहिलेलं असतं. पुस्तकाच्या पुढचं मला अप्पांनी शिकवलं.

मल्लिकार्जुनअप्पा उदगीरचे आडते. तूर, हरभरा, उडीद. मोठं घर, सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणी न घेणारं. किडन्या निकामी झाल्या तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीने, गंगाक्कांनी, आपली एक किडनी दिली होती. गंगाक्का नवरा गेल्यापासून भावाच्याच घरी राहायच्या. त्यांच्या हातात सगळं घर होतं. परकी किडनी अंगात टिकावी म्हणून अप्पांना रोज गोळ्या घ्याव्या लागत. त्या गोळ्या शरीराची लढण्याची ताकद मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर शरीर किडनीलाच शत्रू समजतं. पण ताकद कमी म्हणजे विषाणूंना दार उघडं.

पावसाळा सरताना अप्पांच्या घरात सगळ्यांना ताप आला. किडनीवाला माणूस म्हणून अप्पांचा स्वॅब आमच्याकडे आला, फ्लू निघाला, आणि उदगीरच्या डॉक्टरांनी त्यांना कॅप्सूल लिहून दिल्या. ताप उतरला. मग पुन्हा चढला, दम लागायला लागला, आणि त्यांना लातूरला दाखल केलं. तिथे कॅप्सूल पुन्हा सुरू झाल्या, या खेपेला नर्सच्या देखरेखीखाली. दुसरा स्वॅब आला. रेघ पहिल्यापेक्षा लवकर वर आली. म्हणजे विषाणू कमी व्हायचा तर वाढला होता. नंतर तिसरा आला, त्याची रेघ आणखी लवकर.

लातूरच्या डॉक्टर बिराजदारांचा मला फोन आला. माणूस शांत, पण त्या दिवशी आवाज कोरडा होता. त्यांनी पेच सांगितला. औषध चालू असून विषाणू वाढतोय, ऑक्सिजन खाली येतोय, तापामुळे किडनीचा आकडाही थोडा बिघडलाय. आता एकच मार्ग दिसतो, किडनी टिकवायच्या गोळ्या कमी करायच्या, म्हणजे शरीर स्वतः विषाणूशी लढेल. पण मग किडनी जाऊ शकते. बहिणीने दिलेली किडनी. दुसरी देणारं घरात कुणी नाही.

"उद्या सकाळी गोळ्या कमी करायचा विचार आहे, मॅडम," ते म्हणाले. "तुमच्याकडून काही कळणार असेल तर त्याआधी."

फोन ठेवल्यावर मी नेहमीसारख्या शक्यता मांडल्या. एक, औषध अप्पांच्या पोटात नीट गेलंच नाही. दोन, डॉक्टर म्हणतात तसं शरीर लढत नाही. तीन, विषाणूची कात्री बदलली. वॉर्डात बसून पाहिलं तर तिन्ही सारख्याच दिसतात: रेघ लवकर येते. पण उपाय तिन्हींचा वेगळा. कात्री बदलली असेल तर किडनीच्या गोळ्यांना हात लावायची गरजच नव्हती. त्याच कात्रीत दुसऱ्या बाजूने बसणारं एक औषध आहे, पावडर, यंत्रातून तोंडाने ओढायची. ते वाकलेल्या पात्यातही बसतं. फक्त ते सहज मिळत नाही, आणि नक्की कळल्याशिवाय कुणी त्याच्या मागे धावणार नाही.

पहिली शक्यता आधी निकालात काढायची म्हणून मी डॉक्टरांना पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, पेशंट बोलू शकत असेल तर फोन त्यांना द्या. अप्पा दोन शब्दांमागे श्वास घेत होते, पण व्यापारी जिभेला खीळ नव्हती.

"मॅडम, माझा विषाणू लई चिवट निघाला म्हणं. आडत्याच्या घरचा हाय. घाट्यात सौदा सोडून जाणार न्हाई."

मी विचारलं, उदगीरला असताना कॅप्सूल सगळ्या घेतल्या होत्या का.

"घेतल्या की. माझ्या वाटणीच्या सगळ्या घेतल्या."

"वाटणीच्या म्हणजे?"

मग कळलं ते असं. घरात सगळेच तापलेले. डॉक्टरांनी पाकीट दिलं ते फक्त अप्पांसाठी, पण त्या घरात एकट्याने काही खायची रीत नाही. दुकानातून आणलेली पावशेर जिलेबीसुद्धा आधी गंगाक्कांच्या हातात जाते आणि तिथून सगळ्यांच्या ताटात. अक्कांनी कॅप्सूलचं पाकीटही तसंच वाटलं. अप्पा आजारी माणूस म्हणून त्यांना सकाळची एक, आणि संध्याकाळच्या कॅप्सूल पाळीपाळीने घरातल्या बाकीच्यांना. अप्पांना निम्माच डोस मिळाला होता. अक्कांनी स्वतः एकही घेतली नव्हती.

मी 'निम्म्याच?' असं पुन्हा विचारलं, आणि अप्पांना तेवढ्यावरूनच भाव कळला असावा. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"त्यानं काही झालंय का, मॅडम? झालं आसंल तर अक्काला कळू देऊ नका. बाहेर बाकड्यावरच बसून हाय ती. तिनं मला किडनी दिलीया. वर हे ऐकवायचं का तिला?"

डॉक्टरांनी फोन घेतला आणि तेही हळूच म्हणाले की हे आपल्यातच ठेवू. मी बरं म्हटलं. मला तेव्हा वाद घालायला वेळ नव्हता. निम्मा डोस म्हणजे काय, हे मला दिसत होतं. पूर्ण औषध असतं तर विषाणूची वाढ थांबली असती, नकला थांबल्या असत्या, चुकाही थांबल्या असत्या. औषधच नसतं तर वाकड्या कात्रीच्या विषाणूला काही फायदा नव्हता. निम्म्या औषधात मात्र दोन्ही साधतं. नकला चालू राहतात, आणि वाकडी कात्री असलेल्यालाच पुढची जागा मिळते. त्यात अप्पांचं शरीर न लढणारं. विषाणूला इतकी मोकळी पेठ क्वचित मिळते.

मी डॉक्टरांना उद्या दुपारपर्यंत थांबायला सांगितलं. ते म्हणाले, सकाळचा राउंड. मी म्हटलं, दुपार. त्यांनी मानलं.

आमच्याकडे यासाठी एक तपासणी होती, फार वेळा न वापरलेली. नळीत दोन खुणा घालायच्या. एक धारदार कात्रीचा कागद सापडला तर चमकते, दुसरी वाकड्या कात्रीचा सापडला तर. पडद्यावर एक हिरवी रेघ, एक लाल. आमचं नशीब म्हणा की शिस्त म्हणा, अप्पांचा उदगीरहून आलेला पहिला स्वॅब आमच्या खोल थंड फ्रीजरमध्ये जागेवर होता. मी कुणालाही नमुना लवकर टाकून देऊ देत नाही. त्यावरून माझ्यामागे काय बोललं जातं ते मला माहीत आहे. तेव्हा पहिला, दुसरा आणि तिसरा असे तिन्ही नमुने एकाच वेळी लावायचं ठरलं. एकाच माणसाच्या घशात काय बदललं ते शेजारी शेजारी दिसलं असतं.

इम्रान माझा जुना तंत्रज्ञ. हात इतका स्थिर की सुईच्या टोकाएवढा थेंबही नळीच्या भिंतीला लागत नाही. तोंडाला मात्र विश्रांती नाही. सकाळी त्याने नळ्या लावल्या. तीन नमुन्यांबरोबर आणखी तीन नळ्या असतात, त्या आमच्या साक्षीदार. एकीत ज्यात धारदार कात्री आहे हे माहीत आहे तो नमुना, एकीत वाकडीचा, आणि एकीत नुसतं पाणी. पाण्यातून रेघ आली तर आमचे हात घाण. माहीत असलेल्यातून आली नाही तर आमचं सामान खराब. दोन्हींत निकाल रद्द.

यंत्र थांबलं. इम्रानने पडदा पाहिला आणि खुर्चीतच मागे टेकला.

"मॅडम, अप्पांचं लाल चमकून राहिलं. पण वाकड्याचा साक्षीदार तर झोपूनच हाय."

खरंच. अप्पांच्या तिसऱ्या नमुन्यात लाल रेघ आली होती, उंच. पण ज्या नळीत लाल रेघ यायलाच पाहिजे होती तिथे ती आली नव्हती. साक्षीदाराने साक्ष दिली नव्हती. इम्रानचं म्हणणं होतं की साक्षीदार पुन्हा पुन्हा गोठवून-वितळवून संपला असणार, अप्पांचं लाल खरंच आहे, कळवून टाकू. बहुधा त्याचं बरोबर होतं. तेवढ्यात डॉक्टर बिराजदारांचा फोन आला. ऑक्सिजन आणखी खाली होता.

"मॅडम, तुमचा अंदाज सांगा. मी अंदाजावर निर्णय घेईन, जबाबदारी माझी."

मी नाही म्हटलं. पंचांगवाले पावसाचा अंदाज सांगतात, चुकला तर पेरणी दुबार होते. इथे किडनी दुबार होणार नव्हती. लाल खोटं असतं आणि आम्ही पावडरीच्या मागे लागलो असतो, तर अप्पांचे हातातले दिवस गेले असते. रद्द म्हणजे रद्द. त्या फोनवर मी लोकांना कठोर वाटले असणार, पण अशा वेळी दया दाखवायची तर ती लवकर आणि बरोबर निकाल देऊन, इतकंच मला येतं.

वाकड्या कात्रीचा साक्षीदार आणखी एका छोट्या नळीत, न उघडलेला, फ्रीजरच्या खालच्या खणात होता. तो काढला. सगळं पहिल्यापासून लावलं. यंत्र चालू असताना करण्यासारखं काही नसतं. इम्रानने या काळात मला त्याच्या मामूच्या तीन बायकांची गोष्ट सांगितली. ती मी आधीही ऐकली होती. या वेळी चौथीही आली.

पाण्याची नळी सपाट. दोन्ही साक्षीदार आपापल्या रंगात, उंच. आणि अप्पा: पहिल्या स्वॅबमध्ये नुसती हिरवी रेघ. दुसऱ्यात हिरवी आणि लाल दोन्ही. तिसऱ्यात हिरवी जेमतेम, लाल उंच. एका माणसाच्या घशात धारदार कात्रीचे विषाणू जाऊन वाकड्या कात्रीचे कसे आले, त्याचा सगळा प्रवास तीन नळ्यांत.

मी डॉक्टरांना फोन लावला. कॅप्सूल बंद करा, त्या आता निरुपयोगी आहेत. किडनीच्या गोळ्या आहेत तशा ठेवा. पावडर मागवा. आणि अप्पांना वेगळ्या खोलीत ठेवा, जो आत जाईल त्याला मास्क, हा विषाणू दुसऱ्या पेशंटपर्यंत जाता कामा नये. त्यांनी सगळं एकदा परत वाचून दाखवलं. मला अशी माणसं आवडतात.

पावडर हैदराबादहून आली. अप्पांना ते यंत्र ओढायला जमेना. नर्सबाई म्हणाल्या, अप्पा, हुक्का ओढल्यासारखं. अप्पा म्हणाले, आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी ओढला न्हाई, आन् आता तुम्ही शिकवून राहिलात. पण शिकले. पुढच्या स्वॅबची रेघ उशिरा आली, त्याच्या पुढच्याची आणखी उशिरा, आणि एक दिवस ती जमिनीवरच राहिली. किडनीचा आकडा पूर्वीच्या जागी आला.

एक प्रश्न माझ्यापुरता उरला होता. वाकडी कात्री बोथट असते, तर हा विषाणू इतक्या जोरात वाढला कसा? तिसरा नमुना आम्ही वरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला, तिथे विषाणूचा सगळा कागद अक्षरन्अक्षर वाचतात. उत्तर आलं. कात्रीतच आणखी एका जागी दुसरा लहानसा बदल झाला होता, आणि त्याने बोथटपणाची भरपाई केली होती. एका चुकीने नुकसान केलं, दुसरीने ते भरून काढलं. नियत नसलेल्या गोष्टीत इतकी युक्ती पाहून मला त्या विषाणूचा आदर वाटला. घरातल्या बाकीच्या सगळ्यांचे स्वॅबही आम्ही मागवून घेतले, त्यांच्यात काहीही नव्हतं. बदललेला विषाणू अप्पांच्या घशातच जन्मला आणि तिथेच संपला. या कामातलं ते मला सर्वांत मोठं समाधान आहे, आणि त्याची बातमी कुठेही येत नाही. जे पसरलं नाही त्याची बातमी होत नसते.

इथे गोष्ट संपली असं मीही धरून चालले होते.

काही आठवड्यांनी दुपारी आमच्या शिपायाने सांगितलं, उदगीरच्या एक बाई आल्यात, मुख्य मॅडमनाच भेटायचं म्हणतात. नमुने घ्यायच्या खिडकीबाहेरच्या व्हरांड्यात एक उंच, वाळलेल्या बाई उभ्या होत्या. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात कापडी पिशवी.

"शरणार्थ, मॅडम. मी गंगाक्का. मल्लिकार्जुनची बहीण."

प्रयोगशाळेत खाणंपिणं चालत नाही, म्हणून आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. त्यांनी धपाट्यांचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः त्याला हात लावला नाही. मी विचारलं, अप्पा कसे आहेत. बरे असतील, म्हणाल्या. मला ते 'असतील' खटकलं. विचारल्यावर कळलं की अप्पा दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी त्या उदगीर सोडून नांदेडला पुतणीकडे येऊन राहिल्या होत्या. फोन आला तर पुतणीला बोलायला लावायच्या. ज्या घराचं त्या सगळं वाटप करायच्या, तिथे त्यांना पाय ठेवावासा वाटत नव्हता.

"मॅडम, अप्पाला काय झालं हुतं? मला कुणी सांगून न्हाई राहिलं. डॉक्टर न्हाई, अप्पा बी न्हाई. तुम्ही तपासलं म्हणं. खरं सांगा."

अप्पांना मी शब्द दिला होता. पण समोर बसलेली बाई घर सोडून आली होती, म्हणजे ज्या गोष्टीपासून तिला वाचवायचं होतं ती तिच्यापर्यंत कशीतरी पोचलीच असणार, असं मला वाटलं. शिवाय अर्धा निकाल द्यायची मला सवय नाही. मी सांगायचं ठरवलं.

सांगितलं. विषाणू कसा नकला काढतो, कात्री काय, औषध कुठे अडकतं. त्यांना ते पटापट कळत होतं. मग कॅप्सूलवर आले. अप्पांना निम्म्याच मिळाल्या, त्यामुळे वाकड्या कात्रीच्या विषाणूला वाट मिळाली. मी हेही सांगितलं की अप्पांसारख्या माणसात पूर्ण कॅप्सूल घेऊनसुद्धा असं होऊ शकतं, त्यामुळे शंभर टक्के कुणीच सांगू शकणार नाही. पण ज्या घरात कॅप्सूल वाटल्या गेल्या तिथे मी ती शक्यता मोठी धरते.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मी शिपायाला पाणी आणायला खूण केली.

"म्हंजी मी गोळ्या वाटल्या, त्यानं?"

"बहुतेक. हो."

"किडनीनं न्हाई?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, किडनीचा यात काय संबंध, किडनी ठणठणीत आहे, या सगळ्यात एकदाही तिने दगा दिला नाही. तिच्यावर आच येऊ नये म्हणूनच तर डॉक्टरांची आणि आमची धावपळ होती.

मग त्या बोलल्या, हळूहळू. दवाखान्यात बाकड्यावर बसल्या बसल्या त्यांना दाराआडून एकच शब्द ऐकू यायचा, किडनी. किडनीचा आकडा, किडनी जाईल, किडनीचं बघावं लागेल. त्या आत गेल्या की सगळे गप्प. अप्पा तर तोंड फिरवायचे. घरी आले त्या दिवशीही त्यांच्या नजरेला नजर देईनात. अक्कांनी त्याचा एकच अर्थ लावला होता. आपण दिलेली वस्तूच नासकी निघाली. भावाच्या अंगात आपणच विष घातलं, आणि सगळे भलेपणाने बोलत नाहीत.

एका बाईला दुःख होऊ नये म्हणून आम्ही तिघांनी, एक डॉक्टर, एक पेशंट आणि एक मी, एक लहान गोष्ट लपवली होती. त्या गोष्टीच्या जागी तिने स्वतःहून एक मोठी नेऊन ठेवली, आणि ती काय धरून बसली आहे हे तिला विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. नमुन्यांच्या बाबतीत मी इतकं मोकळं कधी सोडत नाही.

गंगाक्का पाणी प्यायल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं. पिशवीतून फोन काढला, चष्मा नव्हता म्हणून माझ्या हातात दिला, आणि म्हणाल्या, अप्पाला लावून द्या. मी नंबर शोधून लावून दिला. त्या उभ्या राहिल्या, आणि व्हरांड्यातले नमुने घेऊन आलेले लोक वळून पाहतील इतक्या खणखणीत आवाजात बोलायला लागल्या.

"अप्पा, ऐक. मॅडमपाशी हाय मी. माझ्यामुळंच झालं म्हणं. हाव, मीच गोळ्या वाटल्या, त्यानंच झालं. किडनी चांगली हाय. लई चांगली हाय म्हणं, एकदा बी दगा न्हाई दिला तिनं." पलीकडून अप्पांचा आवाज येत राहिला. त्यांनी डब्यातलं एक धपाटं काढलं, मोडलं, अर्धं माझ्या हातात ठेवलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. "आता रडून काय राहिलास? सांजच्या बसनं येते मी घरी."